ओल्या भिंतींवर रंगाची घाई नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिक शहर नटवण्याविषयीची वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात येत आहेत. घाट, रस्ते आणि चौक यांबरोबरच नागरिकांनी आपापल्या घरांच्या दर्शनी भिंतीही रंगवून घ्याव्यात, असा त्यांतील बहुतेकांचा सूर आहे आणि त्यात गैर काही नाही. मला लिहायचे आहे ते मुहूर्ताविषयी. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि त्यानंतर आठच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन आहे. म्हणजे एरवी दिवाळीआधी रंगाऱ्यांची जी धावपळ असते ती त्या वर्षी दुप्पट होणार, आणि ती नेमकी अशा दिवसांत होणार की ज्या दिवसांत चार महिने पाऊस झेललेल्या भिंती अजून आतून ओल्या असतात. ऑक्टोबरचे ऊन लागले की पृष्ठभाग कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, पण गिलाव्याच्या आणि विटेच्या पोटातले पाणी तसेच असते. त्यावर रंगाचा थर चढला की ते पाणी आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपला हिशेब चुकता करते.

मी बांधकाम खात्यात स्थापत्य अभियांत्रिकी सहायक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन आता दहा वर्षे होतील. इतकी वर्षे इतरांच्या भिंतींवर ओळंबा धरलेल्या माणसाने स्वतःच्या भिंतीबाबत अशी चूक करू नये, मी केली. मुलीच्या लग्नाची गडबड होती म्हणून दसरा आटोपताच इंदिरानगरमधील आमच्या घराला बाहेरून रंग काढला. काम घेणाऱ्याने ‘प्लास्टर टचिंग धरून’ असा चौरस फुटाचा दर सांगितला, मीही फार खोलात गेलो नाही, आणि पंधरा दिवसांत घर उजळून निघाले. पुढच्या आषाढात पश्चिमेच्या भिंतीवर, जेवणघराच्या खिडकीखाली, ताटाएवढा फुगा आला. बोटाने दाबला तर पाण्याच्या पिशवीसारखा हलला. नखाने टोचताच चहाच्या रंगाचे पाणी जोत्यापर्यंत ओघळले, आणि रंगाचे कातडे सोलून काढले तेव्हा त्यामागचा गिलावा रव्यासारखा हातात आला. रंग खोटा नव्हता. पाणी अडवण्याचे काम तो चोख बजावत होता. फक्त अडलेले पाणी त्याच्या आतल्या बाजूला होते.

हे पाणी आले कोठून, याचा शोध घेतला तेव्हा दोन जागा सापडल्या. गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावर लांबच लांब भेग होती, आणि खिडकीबाहेरच्या कडप्प्याच्या पट्टीला बाहेर उतार असण्याऐवजी किंचित आत उतार होता. शिवाय त्या पट्टीच्या खालच्या अंगाला पाणी तुटून पडावे म्हणून जी बारीक खाच काढायची असते ती कोणी काढलीच नव्हती, त्यामुळे पट्टीवरून ओघळलेला प्रत्येक थेंब तिच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीत जात होता. आपल्याकडे पाऊस त्र्यंबकच्या अंगाने येतो आणि पश्चिमेच्या भिंतीला झोडपतो, तेव्हा अशी एक चुकलेली पट्टी भिंतीला पुरेशी होते. कोणीही करून पाहावे: तांब्याभर पाणी खिडकीबाहेरच्या पट्टीवर ओतावे आणि ते कोठे जाते ते खाली उभे राहून पाहावे. याखेरीज पावसाळी पाइपांचे गळके सांधे, एसीच्या नळीसाठी पाडून तसेच सोडलेले भोक आणि दर दिवाळीला आकाशकंदिलासाठी नव्याने ठोकलेला खिळा, या सगळ्या पाण्याच्या वाटाच आहेत. कठड्याच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप वरून खुडून समाधान मानणाऱ्यांविषयी मी काय लिहावे! ते मूळ भिंतीत पोसले जाते आणि दरसाल गिलाव्याला थोडे थोडे पुढे ढकलत राहते. ते फट उघडून मुळासकट काढावे लागते.

दुरुस्तीसाठी मी एका वयस्क गवंड्याला बोलावले. त्याने रंगाचा विषयच काढला नाही. थापी उलटी धरून तिच्या लाकडी मुठीने तो वीतवीत अंतरावर भिंत ठोकत गेला. पक्की जागा ‘टक’ बोलते, विटेपासून सुटलेली जागा ‘डब’ बोलते. डब आवाज आला की तो खडूने फुली मारी. फुगा ताटाएवढा होता. फुल्यांनी व्यापलेली जागा दाराएवढी निघाली. ‘टचिंग’ या शब्दात एवढी जागा कधीच मावत नाही, हे मला त्या दुपारी पुरते कळले.

भेगांचेही वाचन करावे लागते. कोळ्याच्या जाळ्यासारखे सर्वत्र पसरलेले केसाएवढे तडे हे बहुधा गिलावा घाईने वाळल्याचे किंवा मालात सिमेंट अथवा बारीक भुकटी जास्त पडल्याचे लक्षण असते आणि ते चांगल्या रंगकामात बुजतात. काँक्रीटचा खांब किंवा तुळई जेथे विटांच्या भिंतीला मिळते तेथे आखल्यासारखी सरळ जाणारी भेग ही सांध्याची भेग होय, कारण दोन्ही पदार्थ उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत. तेथे गिलाव्याआधी काँक्रीटला टाचे मारून, म्हणजे टोचून खडबडीत करून, सांध्यावर चिकनमेशची जाळी ठोकायला हवी असते आणि ती नसेल तर वरून कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी भेग पुन्हा डोके काढते. छज्जाच्या खाली तांबूस ओघळ दिसत असतील तर आतली सळई गंजते आहे आणि ते काम गिलाव्याचे नव्हेच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंदावत जाणारी भेग मात्र सगळ्यांत गंभीरपणे घ्यावी. आपल्या शहराच्या अनेक वसाहती काळ्या जमिनीवर वसल्या आहेत आणि ही जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जोत्याभोवतीची फरशी फुटून पाणी पायाशी मुरू लागले की भिंती हलतात. अशा भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहून ठेवावी. वर्षभरात भेग रेघेच्या पुढे गेली तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी संरचना अभियंत्याला बोलवावे.

गिलावा कापून नवा भरण्याची रीत अवघड नाही. तिला फक्त वेळ लागतो, आणि नेमका तोच कोणाला द्यायचा नसतो. सुटलेला भाग चौकोनी कापून पार विटेपर्यंत काढावा, विटांचे सांधे थोडे खरवडावेत, तारेच्या ब्रशने धूळ झाडावी आणि भिंत भिजवावी, मात्र पाणी वर चमकत असताना माल थापू नये. काँक्रीटच्या जागी आणि जुन्या कडांना लॅटेक्स मिसळलेल्या सिमेंटचा पातळ हात द्यावा आणि तो ओला असतानाच पहिला थर चढवावा. बाहेरचा गिलावा दोन हातांचा असतो: पहिला सुमारे १२ मिलिमीटरचा, ज्यावर दुसऱ्याला पकड मिळावी म्हणून ओल्यातच नागमोडी रेघा ओढतात, आणि दुसरा सुमारे ८ मिलिमीटरचा, जो लाकडी रंध्याने घासून सँडफेस करतात. एका दिवसात, एका हातात वीस मिलिमीटरचा थर थापणारा गवंडी स्वस्त पडतो, पण तो थर स्वतःच्याच वजनाने सुटतो. दुरुस्तीचा माल जुन्यापेक्षा फार कडकही नसावा. सिमेंट एकास वाळू चार, फार तर एकास पाच या प्रमाणात बसलेल्या गिलाव्याशेजारी कोणी एकास दोनचा माल भरला, तर जाड ठिगळाने विरलेल्या कापडाची शिवण उसवावी तशी जुन्या गिलाव्याची कड सुटते.

वाळूविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. नदीची वाळू आता सहजासहजी मिळत नाही आणि गिरणा नदीच्या पात्राकडे पाहिले तर ती मिळू नये असेच म्हणावे लागेल. तिच्या जागी आलेल्या क्रश सँडला, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूला, नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे, परंतु दोष वाळूचा कमी आणि निवडीचा जास्त आहे. काँक्रीटसाठीची भरड वाळू वेगळी आणि गिलाव्यासाठीची चाळलेली, धुतलेली वाळू वेगळी. काचेच्या ग्लासात अर्धी वाळू आणि वर पाणी घालून ढवळावे आणि तासाभराने पाहावे; वर भुकटीचा जाड साय धरल्यासारखा थर बसला असेल तर तो माल परत पाठवावा, कारण हीच भुकटी पाणी पिते आणि वाळताना गिलाव्याला तडे पाडते.

त्यानंतर पाणी मारणे. दुसरा हात बसल्यानंतर किमान सात दिवस भिंत सतत ओलसर राहिली पाहिजे. सकाळी एकदा नळी फिरवून कामावर निघून जाणे म्हणजे पाणी मारणे नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये काम निघाले तर गोणपाट लटकावून ते भिजते ठेवावे लागते. सिमेंटला बळ येते ते वाळण्याने नव्हे, तर पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने, आणि पाणी उडून गेले की ती क्रिया जागच्या जागी थांबते. आमच्या गवंड्याचे मोजमाप साधे होते. भिंतीवर हात ठेवला आणि तळवा गार झाला नाही, की तो नळी मागायचा.

आता रंग. सिमेंटच्या नव्या गिलाव्यात चुन्याचा तीव्र अल्कलीगुण असतो. तो उतरण्यासाठी आणि भिंत वाळण्यासाठी सुमारे चार आठवडे जाऊ द्यावेत. पूर्वी काही जण ताज्या गिलाव्यावर ऑइलपेंट मारत, तेव्हा त्या तेलाचा अक्षरशः साबण होऊन भिंत चिकट व्हायची; हल्लीचे अ‍ॅक्रिलिक रंग इतके नाजूक नसले तरी ओल्या आणि खाऱ्या भिंतीवर तेही डागाळतात. भिंत वाळली की नाही हे पाहण्याची एक घरगुती तऱ्हा आहे. हात-दीड हात लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. आतून दव धरले असेल तर डबे उघडू नयेत.

भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला असेल तर तो आधी कोरड्या ब्रशने झाडून काढावा. त्यावर थेट पाणी मारले की क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि वाळताना पुन्हा बाहेर येतात. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरचे पाणी लावून, घासून, नंतर स्वच्छ धुवावे आणि भिंत वाळू द्यावी; शेवाळावर दिलेला रंग शेवाळासकट पडतो. जुन्या रंगावर तळवा घासला आणि हाताला पांढरी भुकटी लागली, तर ती खरवडून प्रायमर दिल्यावाचून नवा रंग धरणार नाही. जुना सिमेंट पेंट किंवा चुना असलेल्या भिंतीवर इमल्शन चढवताना ही चूक सर्रास होते. भिंतीचे उंचसखल लपवण्यासाठी बाहेरून पुट्टीचे जाड थर देण्याची जी नवी हौस आली आहे तिच्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. गवंड्याने करायचे काम रंगाऱ्याच्या पत्र्याने होत नसते.

दुरुस्ती केलेल्या जागेपुरता रंग लावून वर्षापूर्वीच्या रंगाशी तो जुळवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे की तो जुळत नाही. डब्यावरचा क्रमांक तोच असला तरी उन्हाने भिंतीवरचा रंग बदललेला असतो. त्यामुळे ती भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, नाही तर छज्जाच्या पट्ट्यापर्यंत, पूर्ण रंगवावी, म्हणजे फरक कोपऱ्यात लपतो. एका भिंतीला लागणारे सर्व डबे आधी एका पिंपात एकत्र ढवळून घ्यावेत. सूर्यप्रकाशात टिकायचे म्हणाल तर लोहाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे आपल्या आज्यांच्या ओळखीची काव आणि पिवडी, आजच्या झगमगीत लाल-पिवळ्यांपेक्षा कितीतरी अधिक टिकाऊ आहेत. ऊन तापलेल्या भिंतीवर ब्रश फिरवू नये: पश्चिमेची भिंत सकाळी घ्यावी, पूर्वेची दुपारनंतर.

हे झाले सिमेंटच्या घरांचे. जुने नाशिक आणि पंचवटीतील वाड्यांना यातले बरेचसे लागू नाही, आणि सिंहस्थाच्या घाईत सर्वाधिक हानी त्यांचीच होईल अशी मला भीती वाटते. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांच्या चौकटीत भाजक्या विटांची किंवा पांढऱ्या मातीची भिंत आणि वर चुन्याचा गिलावा, ही रचना पाणी पूर्णपणे अडवत नाही. ती थोडे पाणी घेते आणि ऊन पडले की सोडते. गोदावरीला ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आले तेव्हा सराफ बाजारापर्यंत पाणी चढले होते. अशा पुरानंतर काठच्या घरांचे खालचे मजले वाळतात ते याच गिलाव्यातून. त्याचे पोपडे निघाले म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग दिला की भिंतीचे श्वास घ्यायचे दार बंद होते. ओल वर चढते, सिमेंटच्या मागे क्षार साठतात, मऊ वीट आतून भुगा होते आणि तुळईचे टोक कुजते. बाहेरून मात्र सारे गुळगुळीत दिसते, म्हणून ध्यानात येते तेव्हा उशीर झालेला असतो. अशा भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करावी. चुना मुरवावा लागतो, गिलावा पातळ थरांनी द्यावा लागतो, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगडासारखा होतो, आणि वर रंग द्यायचा तो चुन्याच्याच निवळीत काव किंवा पिवडी कालवून, पातळ तीन हातांत. हे जाणणारे कारागीर फार उरलेले नाहीत हे मान्य आहे. म्हणूनच नदीकाठच्या दर्शनी भिंतींच्या रंगकामाचे जे काही कंत्राट निघेल त्यात जुन्या चुन्याच्या भिंतींसाठी वेगळी बाब असावी, सरसकट एकच रंग आणि एकच प्रायमर नसावा, अशी माझी महानगरपालिकेला आपल्यामार्फत विनंती आहे.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती. दरपत्रक मागवताना गिलाव्याची दुरुस्ती रंगाच्या दरात मिसळू देऊ नये. ती ब्रासच्या, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या, हिशेबाने, ठोकून खूण केलेल्या जागा मोजून, स्वतंत्र लिहून घ्यावी. परांचीचा खर्चही स्वतंत्र असावा. ज्या दरपत्रकात परांची दिसत नाही त्यात माणूस दोरावर लोंबकळणार आहे असे समजावे, आणि त्याच्या कमरेला पट्टा व डोक्याला हेल्मेट असेल की नाही हे विचारण्याची जबाबदारी आपली आहे. आमच्या शेजारच्या इमारतीवर गेल्या वर्षी एक मुलगा चौथ्या मजल्याशी पाळण्यात उभा राहून, एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने रोलर फिरवीत होता. खाली आम्ही सगळे मान वर करून रंगाची छटा बरी आहे की नाही याची चर्चा करीत होतो, आणि त्यात मीही होतो.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. नाशिकमधली मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे ऐन पावसात आहेत. ध्वजारोहणाआधी ओल्या भिंतीवर घाईने दिलेला रंग त्या पावसाच्या पहिल्या माऱ्यात उघडा पडेल आणि भाविक येतील तेव्हा त्याचे पोपडेच पाहतील. याउलट पाण्याच्या वाटा दिवाळीनंतर बुजवल्या, गिलाव्याची कामे डिसेंबर-जानेवारीत केली आणि रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये दिला, तर भिंतीला वाळायला आणि रंगाला धरायला पुरेसा अवधी मिळतो. थंडीत एवढेच पाहावे की आपल्याकडे पहाटे पारा बराच खाली जातो आणि भिंतीवर दव असते, तेव्हा काम दहानंतर सुरू करून चारच्या सुमारास थांबवावे. दिवाळीला दाराशी रांगोळी आणि ओटीवर चुन्याचा एक हात पुरेसा आहे.

आमच्या पश्चिमेच्या भिंतीची नवी बाजू या पावसाळ्यात कोरडी राहिली. खिडकीच्या कोपऱ्यात एक तिरकी भेग आहे, तिच्या टोकाशी मी पेन्सिलीने तारीख लिहिली आहे, आणि दोन पावसाळे झाले तरी ती रेघेच्या अलीकडेच आहे. भिंत अजून सिमेंटच्या राखी रंगातच उभी आहे. येणारे-जाणारे ‘काका, रंग कधी?’ असे विचारतात, त्यांना मी फेब्रुवारी सांगतो.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त स्थापत्य अभियांत्रिकी सहायक
इंदिरानगर, नाशिक